अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये असिस्टंट कोच कसं व्हायचं

या नोकरीची रीतसर जाहिरात निघते, विद्यापीठाचा एचआर विभाग अर्ज मागवतो, मुलाखतीही होतात. पण बहुतेक वेळा हेड कोचच्या डोक्यात माणूस आधीच ठरलेला असतो. यात भ्रष्टाचार शोधत बसू नका. हेड कोचची खुर्ची पंधरा पोरांच्या कामगिरीवर टांगलेली असते, त्यामुळे त्याला अनोळखी माणूस जवळ नको असतो. ज्याला त्याने राबताना पाहिलंय, किंवा ज्याच्यासाठी त्याच्या विश्वासातला कोणी शब्द टाकतो, त्यालाच तो घेतो. म्हणून या वाटेवर पदव्या आणि प्रमाणपत्रं गोळा करण्यापेक्षा एक प्रश्न प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारायचा: हेड कोचचं असं कोणतं काम आहे, जे तो आता फक्त माझ्यावर सोपवतो?

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये वाढलेली, हायस्कूलच्या संघात खेळलेली मराठी घरातली मुलंमुली. दुसरे, नागपाड्यात, नागपुरात किंवा पुण्यात खेळून आता स्पोर्ट मॅनेजमेंटच्या मास्टर्ससाठी तिकडे निघालेले. दोघांची वाट बरीचशी एकच आहे. व्हिसाचा भाग तेवढा दुसऱ्यांसाठी वेगळा.

आधी नकाशा समजून घ्या

टीव्हीवर दिसतं ते फक्त वरचं टोक. कॉलेजांतले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या छत्राखाली तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन १ मध्ये पुरुषांचे ३६० च्या वर संघ आहेत. ड्यूक, कॅन्सस, यूकॉन ही नावं तिथली. डिव्हिजन २ मध्ये शिष्यवृत्त्या मर्यादित, आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. याशिवाय एनएआयए ही लहान कॉलेजांची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं. अर्ज करणारे बहुतेक जण डिव्हिजन १ च्या दारात गर्दी करतात. नोकऱ्या मात्र खालीही भरपूर आहेत, आणि तिथे शिकायला जास्त मिळतं.

एका मोठ्या संघाचा स्टाफ खालून वर असा असतो: विद्यार्थी मॅनेजर, ग्रॅज्युएट असिस्टंट, व्हिडिओ कोऑर्डिनेटर, डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स (संघाची रोजची व्यवस्था बघणारा), असिस्टंट कोच, असोसिएट हेड कोच आणि हेड कोच. डिव्हिजन १ मध्ये पूर्वी फक्त तीन असिस्टंटना मैदानावर शिकवण्याची परवानगी होती. २०२३ मध्ये आणखी दोघांना शिकवण्याची मुभा मिळाली. मात्र बाहेर जाऊन खेळाडू हेरण्याची त्यांना दिली नाही. हा बदल नवख्यांच्या पथ्यावर पडला. ज्यांना आधी नुसतं कॉम्प्युटरसमोर बसावं लागायचं, त्यातले काही आता शिट्टी घेऊन कोर्टवर उतरू शकतात.

पहिली पायरी: मॅनेजर व्हा

मॅनेजर म्हणजे सरावाच्या अर्धा-पाऊण तास आधी येऊन चेंडू, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल लावणारा, घड्याळ सांभाळणारा, शॉट मारणाऱ्या खेळाडूला रीबाउंड काढून परत पास देणारा आणि सगळे गेल्यावर घामाचे कपडे लाँड्रीत नेणारा विद्यार्थी. आपल्याकडच्या आईवडिलांना हे सांगणं अवघड जातं, याची मला कल्पना आहे. पण फ्रँक व्होगेल डिव्हिजन ३ चं आपलं कॉलेज सोडून केंटकी विद्यापीठात गेला तो तिथला कोच रिक पिटिनोच्या हाताखाली मॅनेजरकी करायला, आणि २०२० मध्ये लेकर्सचा हेड कोच म्हणून त्याने एनबीएची ट्रॉफी उचलली.

मॅनेजर व्हायचं कसं? प्रवेश पक्का झाला की उन्हाळ्यातच संघाच्या डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सना ईमेल करा. हेड कोचला नको. त्याच्या इनबॉक्समध्ये तुमची मेल बुडेल. ईमेल चार-पाच ओळींची ठेवा: कोण आहात, कधीपासून कॅम्पसवर असाल, काय येतं (व्हिडिओ एडिटिंग, एक्सेल, पायथन, पासिंग), आणि कोणतंही काम चालेल. उत्तर आलं नाही तर ऑगस्टमध्ये ऑफिसात जाऊन भेटा.

पुरुषांच्या संघात जागा नसेल तर महिला संघाकडे जा. अमेरिकेत महिला संघ सरावासाठी पुरुष विद्यार्थ्यांना विरोधी संघ म्हणून खेळवतात. साधारण बरा खेळणारा, कॉलेजच्या संघात न बसणारा मुलगा इथे रोज उच्च दर्जाचं कोचिंग आतून बघू शकतो. फार कमी जणांना हा दरवाजा माहीत असतो. मुलींसाठी तर महिला बास्केटबॉल हीच सरळ वाट आहे, आणि पदवी पूर्ण करणाऱ्या खेळाडूंसाठी महिला प्रशिक्षकांची डब्ल्यूबीसीए ही संघटना ‘सो यू वॉन्ट टू बी अ कोच’ नावाचा खास उपक्रम चालवते.

दुसरा दरवाजा उन्हाळी कॅम्पचा. बहुतेक संघ जून-जुलैमध्ये शाळकरी मुलांसाठी कॅम्प भरवतात आणि तिथे शिकवायला हात कमी पडतात. बिल सेल्फ ओक्लाहोमा स्टेटचा खेळाडू. एका उन्हाळ्यात तो कॅन्ससच्या कॅम्पला गेला. तिथे त्याचा गुडघा दुखावला. कोच लॅरी ब्राऊननी ‘माझ्याकडून काही मदत?’ असं विचारल्यावर त्याने ग्रॅज्युएट असिस्टंटची जागाच मागून घेतली. पुढे २००३ मध्ये तो त्याच कॅन्ससचा हेड कोच झाला आणि २००८ व २०२२ मध्ये अजिंक्यपदं जिंकला. गुडघा दुखावून घ्यायची गरज नाही. मागायला लाजायचं नाही, एवढं घ्या.

आणि दुसऱ्याच नोकरीत अडकलोय असं वाटत असेल तर ब्रॅड स्टीव्हन्स आठवा. एलाय लिली या औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून २००० मध्ये तो बटलर विद्यापीठात बिनपगारी कामाला लागला. २००७ मध्ये तिथलाच हेड कोच, २०१० आणि २०११ मध्ये सलग दोनदा अंतिम सामना. त्याच्या पाठीशी साथ देणारी मैत्रीण (पुढे बायको) होती, हेही विसरू नका. बिनपगारी वर्ष काढायचं तर घरभाड्याचा हिशेब आधी मांडा.

दुसरी पायरी: मास्टर्स आणि ग्रॅज्युएट असिस्टंटशिप

फी माफ, वर थोडाफार भत्ता, आणि बदल्यात संघाचं पडेल ते काम, असा हा सौदा असतो. विषय स्पोर्ट मॅनेजमेंट, कायनेसिऑलॉजी, शिक्षणशास्त्र, काहीही चालतो. कॉलेज निवडताना विद्यापीठाचं नाव दुय्यम माना. हेड कोचच्या हाताखालचे आधीचे असिस्टंट आज कुठे आहेत ते शोधा. संघाच्या संकेतस्थळावरच्या परिचयांत ते सगळं मिळतं. ज्याची माणसं पुढे हेड कोच झाली, त्याच्याकडे जा. जो आपल्याच माणसांना दहा वर्षं जागेवर बसवून ठेवतो, त्याच्यापासून लांब राहा.

आता भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी महत्त्वाचं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. संघाचं काम मात्र मोसमात त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज होतं. तुमचा अमेरिकन सहकारी रात्री बारापर्यंत क्लिप कापत बसेल. तुम्हाला कायद्याने तसं करता येणार नाही. हे रुजू होण्याआधीच डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सशी स्पष्ट बोला आणि आपले तास लिहून ठेवा. ‘मी फुकट करतोय, मग काय हरकत’ हा युक्तिवादही चालत नाही. दुसऱ्या कॉलेजच्या कॅम्पला पैसे घेऊन शिकवणं म्हणजे कॅम्पसबाहेरची नोकरी, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. प्रत्येक वेळी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारूनच पाऊल टाका.

पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या परवानगीखाली १२ महिने काम करता येतं, पण काम तुमच्या विषयाशी निगडित हवं आणि एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. कोचिंगच्या नोकऱ्यांची उलथापालथ मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत चालते. मे महिन्यात पदवी घेणाऱ्याला हे वेळापत्रक सोयीचं पडतं, म्हणून शोध फेब्रुवारीतच सुरू करा. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांना लॉटरीची अट नाही, ही जमेची बाजू. पण कोचच्या पदाला ठरावीक विषयातली पदवी लागतेच, हे दाखवणं कठीण जातं आणि लहान कॉलेजं वकिलाचा खर्च टाळतात. आधीच वकिलाचा सल्ला घ्या.

तिसरी पायरी: फिल्मरूम

माझ्या मते नवख्या माणसाला वर काढणारं काम हेच. भाषणं देणारे खूप मिळतात. रात्रीतून प्रतिस्पर्ध्याचं अंतरंग उघडून ठेवणारे कमी.

समजा गुरुवारी सामना आहे. सोमवारी तुमच्या हातात प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार-पाच सामने येतात. सिनर्जी या व्हिडिओ सेवेत प्रत्येक पझेशन (चेंडू एका संघाच्या ताब्यात असण्याची एक खेप) आधीच वर्गवारी लावून ठेवलेलं असतं: पिक-अँड-रोल, पोस्ट-अप, ट्रान्झिशन, स्पॉट-अप. नवखे तिथून आकडे उचलतात आणि अहवाल लिहून मोकळे होतात. तसं करू नका. सामने पूर्ण बघा. टाइमआउटनंतर ते कोणता सेट (ठरवून बसवलेली चाल) लावतात, बेसलाइनवरून चेंडू आत टाकताना पहिला पर्याय कोण, बॉल-स्क्रीनवर (चेंडूवाल्याच्या बचावपटूची वाट अडवली जाते तेव्हा) त्यांचा उंच खेळाडू मागे थांबतो की पुढे झेपावतो, आणि त्यांचा कोच सेट पुकारताना कोणती खूण करतो, हे टिपा. ही खूण सोन्याच्या भावाची. सामन्यात तुमच्या बेंचवरून ‘फ्लॉपी येतंय!’ (फ्लॉपी हे एका सेटचं नाव) अशी आरोळी गेली तर बचाव करणारा अर्धा सेकंद आधी सरकतो.

मग प्रत्येक खेळाडूवर दोन-तीन ओळी. वाईट नोंद अशी असते: ‘२३ नंबर चांगला स्कोअरर आहे, सावध राहा.’ याचा कोणाला काही उपयोग नाही. कामाची नोंद अशी: ‘२३, डावखुरा. उजवीकडे ढकला, दोन ड्रिबलनंतर थांबून शॉट घेतो, तो घेऊ द्या. डावीकडे सोडलात तर रिमपर्यंत जाईल. पंप-फेकवर (शॉटच्या हुलकावणीवर) पाय जमिनीवर.’ एकोणीस वर्षांच्या मुलाला ड्रेसिंगरूममध्ये एवढंच लक्षात राहतं.

आकड्यांत एक गोष्ट पक्की करा: दर पझेशनमागे गुण. एका संघाने ६० पझेशनमध्ये ७५ गुण केले आणि दुसऱ्याने ७५ पझेशनमध्ये ८०, तर स्कोअरबोर्डवर दुसरा वरचढ दिसतो. प्रत्यक्षात पहिला १.२५ ने खेळतोय, दुसरा १.०७ ने. केन पोमेरॉयची केनपॉम ही क्रमवारी याच विचारावर उभी आहे. पझेशन मोजायचा तिथला अंदाज असा: घेतलेले सगळे शॉट (हुकलेलेही), वजा आक्रमक रीबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक घेतलेल्या फ्री थ्रोंची ०.४७५ पट. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, एका सामन्यात हात बसतो.

तयार झालेली फिल्म दहा-बारा मिनिटांत बसवा. हेड कोचला लांब फिल्म आवडते, खेळाडूंना नाही. तुम्ही खेळाडूंच्या बाजूने राहा.

लहान कॉलेज की मोठं नाव?

यावर कोचमंडळींत कायम वाद असतो. मोठ्या संघात ओळखी मिळतात, साधनं मिळतात, पण सरावात तुम्ही बहुधा कडेला उभे. डिव्हिजन ३ किंवा एनएआयएच्या कॉलेजात स्टाफच दोन-तीन जणांचा, म्हणून पहिल्याच मोसमात बचाव तुमच्या ताब्यात, व्हॅनची चावीही तुमच्याच खिशात.

शाका स्मार्टची वाट बघा. केनियन या डिव्हिजन ३ कॉलेजात खेळला, मग पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान विद्यापीठात असिस्टंट म्हणून काम करत मास्टर्स केलं. २००१ मध्ये डेटनला डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स, नंतर अॅक्रन, क्लेमसन, फ्लोरिडा इथे असिस्टंट, आणि २००९ मध्ये व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचा (व्हीसीयू) हेड कोच. दोन वर्षांत, २०११ साली, तो संघ फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत होता. लहान जागी शिकवायचं, मग मोठ्या जागी ओळखी करायच्या, हा क्रम मला पटतो. उलट क्रमाने गेलेले अनेक जण तिशीत पोचूनही एक सराव स्वतः आखू शकत नाहीत.

डॅन हर्ली तर न्यू जर्सीतल्या सेंट बेनेडिक्ट्स या हायस्कूलमध्ये २००१ पासून नऊ वर्षं कोच होता. वॅगनर आणि ऱ्होड आयलंड करत तो यूकॉनला पोचला आणि २०२३ व २०२४ अशी लागोपाठ अजिंक्यपदं त्याच्या नावावर आहेत. शाळेत शिकवणं म्हणजे मागे पडणं नव्हे.

असिस्टंट झालात, आता रिक्रूटिंग

वर्षभरातल्या सामन्यांचे स्काउट (प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास) असिस्टंट आपसात वाटून घेतात, प्रत्येकाकडे काही खेळाडूंच्या वैयक्तिक तालमीही असतात. पण नोकरी टिकते आणि बढती मिळते ती खेळाडू आणण्यावर. कितीही हुशार असिस्टंट असो, मोसमागून मोसम त्याच्याकडून एकही खेळाडू आला नाही तर हेड कोचची नजर बदलते.

नियमांचं कॅलेंडर पाठ करा. इव्हॅल्युएशन काळात तुम्ही मुलाला खेळताना बघू शकता, कॅम्पसबाहेर भेटून बोलू शकत नाही. डेड काळात प्रत्यक्ष भेट कुठेच नाही. डिव्हिजन १ पुरुषांमध्ये मुलाच्या दहावीनंतरच्या १५ जूनपासून फोन-मेसेज खुले होतात. जुलैमध्ये साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टाला नायकेच्या पीच जॅम स्पर्धेत देशभरातले कोच आपापल्या विद्यापीठाचा लोगो असलेले शर्ट घालून कोर्टालगत बसतात, ते कोणाला दिसावं म्हणून हे सांगायला नको.

तिथे काय बघायचं? शॉट सगळेच बघतात. तुम्ही मात्र, मुलाला त्याच्या कोचने बदलून बाहेर काढल्यावर तो बेंचवर कसा बसतो, सोपा शॉट हुकल्यावर बचावाला धावतो का, आणि सामन्यानंतर आईशी कसा बोलतो, हे बघा. मग त्याचा शाळेतला कोच, आई, आजी, निर्णय प्रत्यक्षात कोण घेतं ते शोधा आणि त्या माणसाशी नातं जोडा. या बाबतीत मराठी घरात वाढलेल्याला फारसं शिकवावं लागत नाही.

एखादा प्रदेश आपला करून घेणं हीही मोठी पुंजी. टॉमी लॉइड २० वर्षं गोंझागात मार्क फ्यूचा असिस्टंट होता आणि परदेशी खेळाडू हे त्याचं खास क्षेत्र: लिथुआनियाचा डोमांटास साबोनिस, जपानचा रुई हाचिमुरा. २०२१ मध्ये ॲरिझोनाने त्याला हेड कोच केलं आणि पहिल्याच मोसमात त्याने ३३ सामने जिंकले. भारतातून अजून मोठा ओघ नाही, पण २०१७ मध्ये दिल्लीजवळ एनबीए अकॅडमी सुरू झाली आणि काही मुली डिव्हिजन १ पर्यंत पोचल्या. शिरीन लिमयेसारखी पुण्याची मुलगी भारताची कर्णधार होते, त्या महाराष्ट्रातली शाळा-क्लबची साखळी माहीत असलेला अमेरिकन स्टाफमध्ये सापडणं दुर्मीळ. एवढ्यावर नोकरी मिळणार नाही, पण मुलाखतीत हे सांगायला विसरू नका.

गेल्या काही वर्षांत हे काम पार बदललं. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) आलं, २०२१ पासून एकदा कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती उरली नाही, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना जाहिराती वगैरेंतून स्वतःच्या नावाचे पैसे मिळू लागले, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर २०२५-२६ साठी विद्यापीठं सगळ्या खेळांत मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलर थेट खेळाडूंना देऊ शकतात. म्हणजे दर वसंतात अर्धा संघ नव्याने जमवायचा. बऱ्याच संघांनी त्यासाठी जनरल मॅनेजर नेमलेत. करार आणि आकडेवारी समजणाऱ्याला ही नवी शिडी आहे.

पैशांच्या या जगात एक लक्ष्मणरेषा मात्र पक्की ठेवा. सप्टेंबर २०१७ मध्ये चार मोठ्या विद्यापीठांच्या असिस्टंट कोचना लाच घेतल्याबद्दल अटक झाली. खेळाडूंना ठरावीक आर्थिक सल्लागारांकडे वळवण्यासाठी त्यांनी पैसे घेतले होते. चौघांनीही गुन्हा कबूल केला. हेड कोचपैकी कोणावरही त्या फौजदारी खटल्यात आरोप ठेवला गेला नाही. दलाल आधी असिस्टंटलाच गाठतात. जेवणाचं बिलसुद्धा स्वतः भरा आणि प्रत्येक शंका कॉलेजच्या नियमपालन विभागाकडे लेखी पाठवा.

पगार

ग्रॅज्युएट असिस्टंटचा भत्ता ते मोठ्या संघातल्या असिस्टंटचे लाखो डॉलर, इतकी तफावत आहे. सरकारी विद्यापीठांचे करार सार्वजनिक असतात. वाटाघाटीआधी वाचून घ्या. एक जुना किस्सा माहीत असावा: नव्वदीच्या सुरुवातीला एनसीएएने चौथ्या कोचचा पगार वर्षाला १६ हजार डॉलरवर बांधून टाकला होता. कोच कोर्टात गेले, जिंकले, आणि १९९९ मध्ये ५.४५ कोटी डॉलरवर प्रकरण मिटलं.

हेड कोचला नारळ मिळाला तर

मिळतोच कधीतरी, आणि बहुधा सगळा स्टाफ त्याच्याबरोबर जातो. करार शक्यतो एक नव्हे, दोन वर्षांचा मागा. बातमी फुटल्यावर पहिला फोन आपल्या खेळाडूंना करा, दुसरा नोकरीसाठी. दर वर्षी फायनल फोरच्या शहरातच एनएबीसी या प्रशिक्षक संघटनेचं अधिवेशन भरतं आणि कोचच्या हॉटेलची लॉबी म्हणजे उघड नोकरबाजार. तिथे बायोडेटा वाटत फिरणारा लगेच ओळखू येतो. त्यापेक्षा वर्षभर ज्यांच्याविरुद्ध खेळलात त्या असिस्टंटना भेटा, त्यांच्या एखाद्या सेटबद्दल विचारा. जागा निघाली की नाव सुचवणारे हेच लोक असतात.

हेड कोचपदाच्या मुलाखतीची तयारी मात्र नोकरी शाबूत असतानाच सुरू करा. किती वर्षं थांबावं लागेल याला नेम नाही. किम मल्कीने लुइझियाना टेकमध्ये १५ वर्षं असिस्टंट म्हणून काढली आणि २००० मध्ये बेलर मिळालं. एका फाइलमध्ये तीन गोष्टी सतत ताज्या ठेवा: स्टाफमध्ये कोणाला घ्याल त्यांची नावं, प्रवास आणि सामन्यांचं बजेट, आणि पहिल्या ३० दिवसांत कोणत्या खेळाडूंना थांबवायचं व कोणाला आणायचं याची यादी. ॲथलेटिक डायरेक्टर (कॉलेजच्या सगळ्या खेळांचा प्रमुख) डावपेचांबद्दल फारसं विचारत नाही. तो विचारतो की सध्याच्या संघातले किती जण पोर्टलमध्ये जातील. त्या कॉलेजच्या प्रत्येक खेळाडूचं नाव, वर्ष आणि गाव तुम्हाला फाइल न उघडता सांगता आलं पाहिजे.